पुलाला किती?

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की सांगलीत कुणी कुणाला ‘कसं काय’ म्हणत नाही. दूधवाला, रिक्षावाला, मंडईतली भाजीवाली, गणपतीच्या देवळाबाहेर दूर्वा विकणारी म्हातारी, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: ‘पुलाला किती?’ पूल म्हणजे आयर्विन पूल, 1929 सालचा. किती म्हणजे कृष्णेचं पाणी त्याच्यापाशी किती फुटांवर आलं. उत्तरही तितकंच तुटक. ‘बत्तीस.’ ‘छत्तीसवर थांबलंय.’ ‘रात्रीत चार चढलं.’ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोक्याची, हे नदीकाठच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉटात पाणी कधी शिरतं, कर्नाळ रस्ता कधी बंद होतो, दत्तनगर कधी, मारुती चौक कधी, हे सांगायला कुणाला नकाशा लागत नाही. पुलाचा आकडा कळला की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ‘कोयनेतनं किती सोडलंय?’ महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली नदी साताऱ्यातून खाली येते, कराडला कोयना तिला मिळते, आमच्या गावाला वळसा घालून पुढे गेली की हरिपूरला वारणा. वारणाही भरून आली असेल तर कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही. पाऊस तिकडे घाटमाथ्यावर कोसळतो आणि इकडे लख्ख उन्हात आमच्या दारात पाणी चढत राहतं.

या गावात मी चौतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. संकटात सापडलेला माणूस कशाच्या बळावर सावरतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. पीएच.डी. त्यावर केली, विद्यार्थ्यांकडून प्रकल्प त्यावर करून घेतले, शिक्षकांची शिबिरं घेतली, पोलिसांच्या कुटुंबांसाठी, बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठी बोलले. आज मागे वळून बघताना वाटतं, माझा सगळा अभ्यास हा त्या पुलावरच्या फुटपट्टीचाच हेवा होता. पाणी किती आलं ते मोजता येतं. माणूस किती पाण्यापर्यंत टिकेल, त्याची एखादी पट्टी असावी आणि ती मला सापडावी, एवढ्या एका इच्छेमागे मी तरुणपणाची कितीतरी वर्षं घालवली.

शब्दापासूनच अडचण होती. इंग्रजीत ‘रेझिलियन्स’. लॅटिनमधला मूळ अर्थ मागे उसळी घेण्याचा. मराठी पाठ्यपुस्तकांत कुणी ‘लवचिकता’ लिहिलं, कुणी ‘प्रतिकारक्षमता’. मी सुरुवातीची बरीच वर्षं ‘स्थितिस्थापकत्व’ शिकवलं. भौतिकशास्त्रातून उचललेला शब्द. स्प्रिंग ताणली, सोडली, ती पूर्ववत झाली. फळ्यावर स्प्रिंगचं चित्र काढायचे. मुलं ती वहीत उतरवून घ्यायची. 2005 च्या पुरानंतर एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, ‘मॅडम, पाणी उतरल्यावर आम्ही घरी गेलो तर आईचं शिवणाचं मशीन गंजलेलं, भिंती फुगलेल्या, आजोबा बोलायचे बंद झालेले. आता आई पुन्हा शिवतेय, पण पूर्ववत कुठं झालंय काय?’ फळ्यावर स्प्रिंग तशीच होती. मी ती पुसली. त्या तासाला पुढे काय शिकवलं ते आठवत नाही, पण स्प्रिंग पुन्हा काढली नाही.

लोकांकडे या गोष्टीसाठी किती शब्द आहेत ते मला फार उशिरा ऐकू यायला लागलं. सावरलो. तगलो. निभावलं. तरलो. उभं राहिलो. नेट धरला. हातपाय हलवले. आणि पुरानंतरचा खास शब्द, घर लावलं. घर बांधणं वेगळं, घर लावणं वेगळं. गाळ उपसून, भांडी तीन पाण्यांतून काढून, गाद्या फेकून, देव परत कोनाड्यात ठेवून, चूल पेटवून, मग म्हणायचं घर लावलं. यातला एकही शब्द ‘पूर्ववत’ म्हणत नाही. आणि नीट ऐकलं तर यातला एकही शब्द बहुतेक वेळा एकवचनात येत नाही. लावलं बघा घर, सगळ्यांनी मिळून.

माझ्या विषयाची सुरुवात सांगायची तर ती एका बेटावर झाली. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 बाळांचा माग एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चार दशकं काढला. दारिद्र्य, घरातले तंटे, आईबापांची व्यसनं किंवा मानसिक आजार, जन्मावेळच्या अडचणी, असं एकावर एक साठलेली मुलं त्यांत बरीच होती. ही बिघडणार, असं सगळे धरून चाललेले. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं मात्र चांगली, मायाळू, कामसू माणसं झाली. वर्नर बाईंनी बिघडलेल्यांपेक्षा यांच्याकडे बघायचं ठरवलं. त्यांना जे सापडलं त्यात मुलांचा स्वभाव होता, बुद्धी होती, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली: आयुष्यात निदान एक मोठं माणूस असं, ज्याने या मुलाला कधी सोडलं नाही. आजी, मावशी, शेजारीण, एखादी शिक्षिका. आईबाप नसले तरी चाललं, पण कुणीतरी हवं.

त्यांच्या 1982 च्या पुस्तकाच्या नावातच ‘इन्व्हिन्सिबल’ शब्द होता, म्हणजे अजिंक्य. साताऱ्याला माझं आजोळ. अजिंक्यतारा खिडकीतून बघत माझ्या सुट्ट्या गेल्या. त्यामुळे तो शब्द वाचताना मला नेहमी तो किल्ला आठवतो. 1700 साली औरंगजेबाने तो जिंकला, त्याचं नाव आझमतारा केलं. पुढे ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी परत घेतला तेव्हा तो अजिंक्यतारा झाला. हरलेला किल्ला परत आल्यावर त्याला अजिंक्य म्हटलं गेलं. आजोबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. मानसशास्त्राच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मला ती अजून जवळची वाटते. किल्ला स्वतःहून परत येत नाही, त्याला घ्यायला कुणीतरी चढून जावं लागतं, हेही त्यात आलं.

2005 च्या ऑगस्टची गोष्ट सांगते. पुलाला पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं होतं. उपनगरातल्या शाळांमधून छावण्या लागल्या होत्या. मी प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन तिथे पोचले. परदेशी मोजपट्टीचा मीच केलेला मराठी अनुवाद. ‘अडचणीत मी डगमगत नाही.’ ‘बदलाशी मी जुळवून घेऊ शकते.’ पुढे पाच रकाने, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. चाळिशीतली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर दुसऱ्याच कुणाचं तरी मूल. मी वाक्य वाचायचे, ती ऐकायची. चार-पाच वाक्यं झाल्यावर म्हणाली, ‘बाई, हे मला एकटीला इचारताय व्हय?’

मी म्हटलं, हो, तुमचं तुम्ही सांगायचं.

‘माझं एकटीचं कसं सांगू? ह्यो पोरगा शेजारणीचा. ती माझ्या सासऱ्याला घिऊन दवाखान्यात गेलीया. माझा मालक तिच्या मालकासंगं घराव धोंडं ठिवायला गेलाय, पत्रं वाहून जातील म्हणून. आमा सगळ्यास्नी मिळून इचारा की.’

माझ्याकडे त्यासाठी रकाना नव्हता. मी ‘कधीकधी’वर खूण केली आणि पुढे सरकले. तो कागद इतर कागदांत मिसळला, त्याचे गुण मोजले गेले, सरासरीत विरघळून गेले. शोधनिबंध छापून आला. त्यात त्या बाईचा आकडा आहे, तिचं बोलणं नाही. माझ्या चौतीस वर्षांतलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण मी त्या दिवशी ‘कधीकधी’च्या चौकटीत गाडलं, याची टोचणी मला अजून आहे. 2001 सालीच ॲन मॅस्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी लिहून ठेवलं होतं की हे सावरणं म्हणजे साधीसुधी, रोजच्या जगण्यातली जादू आहे. विरळा माणसांचा विरळा गुण नाही. मी ते वाचलंही होतं, वर्गात सांगतही होते. पण ती साधीसुधी जादू माझ्यासमोर दुसरीचं पोर मांडीवर घेऊन बसली होती आणि मला दिसली नाही.

त्याच वर्षी माझ्या वर्गात जत तालुक्यातला एक मुलगा होता. घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. काउआईच्या मुलांचा धडा झाला त्या दिवशी तास संपल्यावर थांबला. म्हणाला, ‘मॅडम, ते एक मोठं माणूस म्हणालात न्हवं का, ती माझी आजी.’ आईबाप ऊसतोडीला जायचे, सहा-सहा महिने. आजीने वाढवला. तिची ओळख करून घ्यायची म्हणून मी पुढे दिवाळीत त्याच्या गावी गेले. सांगलीहून पूर्वेला निघालं की तासाभरात मुलूख बदलतो. उसाचं हिरवं संपतं, बाभळी आणि माळ सुरू होतात, विहिरींचे तळ दिसायला लागतात. एकाच जिल्ह्यात एका टोकाला माणसं पाण्याला भितात आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची वाट बघतात. माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त माणदेशातलं असं एक गाव लिहिलं आहे, आणि शेवटी दुष्काळाने ते अख्खं उठतं. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती कादंबरी वाटतच नाही.

आजी तेव्हा साठीच्या पुढची. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला होती. मी माझ्या सवयीने विचारलं, एवढं सगळं सोसलंत, हे बळ आलं कुठून? मला धैर्याबद्दल, देवावरच्या भरवशाबद्दल, स्वभावाबद्दल काहीतरी ऐकायचं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान पोराकडे बघावं. म्हणाली, ‘काम निगालं म्हणून जगलो. काम नसतं निगालं तर कुठलं बळ आन् कुठलं काय.’

मग बोलत राहिली. खडीच्या ढिगावर पंचवीस बायका होत्या. तान्ही पोरं झोळीत, एक म्हातारी सगळ्यांची पोरं सांभाळायला. मिलोची लालसर भाकरी गिळवायची नाही. सुकडी मिळायची ती आधी पोरांना. हाताला फोड आले की दुसरी तिच्या वाटणीची पाटी भरायची. हप्त्याला पगार.

हे काम कसं निघालं, तेही आमच्याच जिल्ह्यातून सुरू झालेलं आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, तेव्हा विधान परिषदेचे सभापती, त्यांनी मागेल त्याला काम ही कल्पना आपल्या भागात आधी करून बघितली. दुष्काळाच्या वर्षांत ती राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिचाच पाया मिळाला. मी वीस वर्षं मनाची ताकद मोजत होते. जतच्या त्या ओट्यावर बसून पहिल्यांदा कळलं की त्या मनाखाली एक सरकारी हजेरीपट होता, मुकादम होता, आठवड्याचा पगार होता. ती बाई चिवट होतीच. पण चिवटपणाला पाय टेकायला जमीन लागते, आणि ती जमीन कुणीतरी विचार करून, भांडून, कागदावर आणून तयार केलेली होती. कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही काढून दिलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, त्यागाची म्हणून. पण बोर्डिंग म्हणजे काय? गावात ज्यांना एक मोठं माणूस मिळालं नाही अशा मुलांना ते मिळण्याची सोय. काउआईतली बाळं जन्मायच्या तीस वर्षं आधी साताऱ्यात हे चाललेलं होतं.

मानसशास्त्राच्या तासाला मग मी पागे शिकवायला लागले. अभ्यासक्रमात नव्हते. काही सहकाऱ्यांना ते पटलं नाही, हा विषय अर्थशास्त्राचा, असं म्हणाले. मला अजूनही वाटतं तो आधी माझा विषय आहे.

मग 2019 आलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुलाचा आकडा 2005 ला मागे टाकून पुढे गेला, आणि 57 च्याही वर चढला. आमचं घर गावभागात. आम्ही सामान माळ्यावर टाकलं आणि ठरवलं की एवढ्यावर भागेल, कारण 2005 च्या खुणेपर्यंतचा अंदाज होता. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारलेली होती. पाणी त्या रेघेला आलं, तिथे थांबल्यासारखं वाटलं, आणि मग सावकाश, आवाज न करता, तिच्यावर चढलं. तो क्षण मी कितीही वेळा सांगितला तरी मला तो नीट सांगता येत नाही. माहीत असलेलं सगळ्यात वाईट संपलं आणि पुढचं मोजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी होडीतून सासूबाईंना आणि मला विश्रामबागच्या बाजूला आणलं. एका शाळेत सतरंज्या घातलेल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मला काय होतंय त्याच्या प्रत्येक लक्षणाचं नाव मला पाठ होतं. छातीतली धडधड, हातांची बधिरता, आवाज दुरून येणं, वेळ तुकड्यातुकड्यांनी जाणं. एकाही नावाचा मला उपयोग झाला नाही. माळ्यावरच्या कपाटात माझा प्रबंध होता, तीस वर्षांच्या नोंदींच्या वह्या होत्या. त्या ओल्या झाल्या असतील का, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती, कारण शेजारच्या सतरंजीवरच्या माणसाची दोन जनावरं दावणीलाच राहिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका बाईने माझ्यासमोर लसणाची परात आणून ठेवली. ‘बाई, रिकामं बसू नका. दोनशे माणसाची आमटी हाय. सोला.’

मी सोलायला लागले. बोटांना वास लागला. सासूबाई सरकून जवळ आल्या, त्याही सोलायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी त्या बाईला विचारलं, ‘फोडणीला काय हाय, खोबरं मिळालं का?’ दोन दिवसांत त्यांचं ते पहिलं वाक्य. लसूण संपला तेव्हा आम्हाला मेथी निवडायला दिली. मी त्या बाईला कुठल्याही पुस्तकात बसवणार नाही. पण छावण्यांमध्ये काम करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी नंतर सांगत आले, की आधी स्वयंपाक कुठे चाललाय ते बघा आणि लोकांना तिथे हात मिळतोय का ते बघा. नुसतं घेत बसायला लागलेला माणूस आतून लवकर खचतो.

किल्लारीचंही हेच सांगतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास झाला. नाटक-सिनेमातले आगाशे सगळ्यांना माहीत असतात, मनोविकारतज्ज्ञ आगाशे कमी जणांना. शांतिलाल मुथ्था यांनी तिकडची सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. त्या मुलांना औषधाइतकीच शाळेच्या घंटेची, वेळेवरच्या जेवणाची, रोजच्या दिवसाला आकार असण्याची गरज होती, असं मला त्या सगळ्याकडे बघताना वाटत आलं आहे.

दुष्काळी गावांतून भाकऱ्यांची पोती आली, ती त्याच छावणीत. खर्डा, कांदे, कापडात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. पोतं उतरवणाऱ्यांत माझा जतचा विद्यार्थी होता. आता तो शाळेत शिक्षक आहे. मला बघून पाया पडला आणि काहीच बोलला नाही. मी विचारलं, तुमच्याकडे पाऊस? म्हणाला, ‘अजून न्हाई मॅडम. छावणी चालू हाय.’ चाऱ्याची छावणी. मी पुराच्या छावणीत, त्याच्या गावची जनावरं चाऱ्याच्या छावणीत, एकाच जिल्ह्यात, एकाच ऑगस्टात. आजी चार वर्षांपूर्वी गेली, असं त्याने जाता जाता सांगितलं.

त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची होडी उलटली. बायका, लेकरं, म्हातारी माणसं. त्याबद्दल मला माझ्या शास्त्रातलं काहीही लिहायचं नाही. एवढंच लिहिते की त्या गावातल्या कुणाहीपुढे उभं राहून सावरण्याच्या गोष्टी सांगायला मी गेले नाही, बोलावणं आलं तरीही. पुरेशा होड्या वेळेवर असत्या तर त्यांना सावरायची वेळच आली नसती.

पाणी उतरल्यावर सत्कार सुरू झाले. चौकाचौकांत फलक लागले, सांगलीकरांच्या जिद्दीला सलाम. एका सभेत मला प्रमुख वक्ती म्हणून बोलावलं होतं, विषय होता ‘सांगलीकरांची जिद्द’. माझ्या आधी एका मुलीने ‘कणा’ म्हटली. पुराच्या प्रत्येक सभेत कुणीतरी ती म्हणतंच. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, मलाही आलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या कवितेत दुसरंच काहीतरी दिसलं. कुसुमाग्रजांचा तो मुलगा सगळं गेल्यावर सरांच्या घरी येतो. आम्ही सगळे त्याच्या न मोडलेल्या पाठीबद्दल बोलतो. तो तिथवर चालत आला, याबद्दल कुणी बोलत नाही. ज्याच्या घरी जावं असे एक सर त्याला होते. आणि पुरानंतरही ते घर उभं होतं, दार उघडलं गेलं. तो दरवाजाच बंद असता तर?

मी तसंच बोलले. म्हणाले, आमची जिद्द वाखाणायच्या आधी निळ्या पूररेषेच्या आत घरं कशी उभी राहिली ते विचारू या. नाले कुणी बुजवले ते विचारू या. कोयना, वारणा, अलमट्टी यांच्या पाण्याचा मेळ दोन राज्यांत वेळेवर बसतो का ते विचारू या. माणसं चिवट आहेत म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा पाण्यात उभं करायचं हा न्याय नाही. टाळ्या कमी पडल्या. नंतर एकाने हळूच सांगितलं की लोकांना उभारी द्यायची असते अशा वेळी. मला वाटतं मी तेच देत होते.

घरी परतल्यावर वह्या सापडल्या. निम्म्या लगदा झाल्या होत्या, निम्म्यांची शाई पसरून पानं निळी झाली होती. गच्चीत दोरीवर एकेक पान चिमट्याने लावून वाळवलं. 2005 च्या प्रश्नावल्यांचा गठ्ठाही त्यात होता. खुणा पुसल्या गेल्या होत्या. कुणी ‘नेहमी’ म्हटलं होतं आणि कुणी ‘कधीच नाही’, ते आता कळण्यासारखं नव्हतं. त्या बाईचा कागद कुठला तेही नाही. मी बराच वेळ ती निळी पानं वाऱ्यावर हलताना बघत उभी राहिले. शेजारची मुलगी गच्चीवर आली, तिने विचारलं, ‘काकू, परीक्षेचे पेपर हायत काय?’ मी म्हटलं, हो. माझेच.

शेवटची दोन वर्षं मी वेगळ्या तऱ्हेने शिकवलं. पहिल्याच तासाला कोरा कागद द्यायचे. सांगायचे, रात्री दोन वाजता घरात पाणी शिरलं तर तुम्ही पहिला फोन कुणाला कराल ते लिहा. मग दुसरं, तुम्हाला तसा फोन कोण करेल ते लिहा. पहिल्या प्रश्नाची उत्तरं पटापट यायची. दुसऱ्या प्रश्नाला मुलं थांबायची. काहींच्या कागदावर दुसरी ओळ रिकामी राहायची, आणि मग त्या मुलांकडे वर्षभर माझं लक्ष असायचं. त्यांना शिबिराच्या भांडारावर नेमायचे, कुणाला पहिल्या वर्षाच्या मुलांची हजेरी घ्यायला लावायचे, कुणाला सहलीला सगळ्यांची डोकी मोजायचं काम द्यायचे. कुणीतरी त्यांना शोधत यावं, त्यांच्यावाचून काहीतरी अडावं, म्हणून. जूनमध्ये रिकामी ओळ ठेवलेल्या एका मुलाने फेब्रुवारीत स्वतःहून येऊन कागद परत मागितला. त्यावर त्याला दोन नावं लिहायची होती. हे कुठल्या निकषात बसतं ते मला माहीत नाही. मी त्याची कुठेही नोंद केली नाही, फक्त कागद दिला.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 54 च्या पुढे गेलं. आमच्या भिंतीवर आता तीन रेघा आहेत. मधल्या रेघेच्या थोडी वर शेजारच्या मुलीने स्वतःची उंची मारून घेतली आहे, दरवर्षी ती खूण सरकते. 2019 च्या रेघेला ती अजून पोचलेली नाही. तिला फार घाई झाली आहे.

मी निवृत्त झाले. सासूबाई गेल्या. मुलगा पुण्याला बोलावतो, मी जात नाही. काल संध्याकाळी आभाळ साताऱ्याच्या बाजूला काळंभोर झालं होतं आणि इथे थेंब नव्हता. माईघाटाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, गणपतीच्या देवळाकडून आरतीचा आवाज येत होता. पुलावर नेहमीप्रमाणे माणसं कठड्याला टेकून पाणी बघत उभी होती. फोन वाजला.

‘मॅडम, पुलाला किती?’

‘अडतीस. चढतंय.’

‘पुस्तकं वर न्हेली का?’

‘नेली.’

‘गोळ्या, कागदपत्रं?’

‘पिशवी दाराशी आहे. तुझ्याकडे काय? टँकर?’

‘दिवसाआड. आज ढग आलते, गेले.’ तो थोडा थांबला. ‘चाळीसला लागलं की फोन करा. मी निघतो.’

‘अरे, एवढ्या लांबून कशाला, आहेत इथे सगळे.’

‘करा मात्र.’

मी हो म्हटलं. कठड्यापाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारलं, कुणाचा फोन? मी सांगितलं, जतहून, घरचाच. ते म्हणाले, बरं झालं, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागले.